सतरा माणसांचं पाणी

भैय्याजी डिगरसेला दिवसाआड एकावन्न गुंड, म्हणजे हंडे, पाण्याचा फायदा होणार होता. डोक्यामागे तीन गुंड मिळणार, घरात खरी डोकी सहा, म्हणजे अठरा. वरून सतरा डोकी आणली तर एकोणसत्तर. सतरा त्रिक एकावन्न. हा पाढा त्यानं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिला आणि बायकोला, प्रेमलताला, दाखवला. तिनं पाढा वाचला आणि विचारलं, "अन् त्या सतरा जनाले जेवाले कोन घालन?"

तो खर्च भिंतीवर नव्हता.

लोभ उगाच नव्हता, हेही मांडलं पाहिजे. आखजीला लेकीचं, दामिनीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा पांढुर्ण्याचा, अभिजीत नावाचा, बँकेत लागलेला. व्याह्याची अट एकच: हुंडा नको, काही नको, पण मांडव मुलीच्या गावात पडला पाहिजे, मंगल कार्यालयात आम्ही वरात नेत नाही. आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन उन्हाळा. मांडवाला पाणी लागतं, आणि तिवसडोह गावात तेव्हा जावयालासुद्धा पेल्यात मोजूनच पाणी मिळतं.

मध्य प्रदेशात सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना संत्र्याच्या बागांमध्ये हे गाव लागतं. पंधरा वर्षांपूर्वी इथं बावीसशे माणसं होती. मग जवळपास कारखाने आले, कारखान्यांमागे कामगार आले, आणि ज्याच्या परसात दहा हात जागा होती त्यानं पत्र्याच्या खोल्या टाकून भाड्यानं दिल्या. आता गावात दोन हजार आठशे चाळीस माणसं. विहीर तीच, टाकी तीच. टाकीतून दिवसाआड साडेआठ हजार गुंड निघत, एक गुंड जास्त नाही. नळावर रोज केस ओढाओढी होत असे. शेवटी वरून कागद आला: घरोघर डोकी मोजा, डोक्याप्रमाणे पाणी द्या, कार्ड करा. भांडणं मिटतील म्हणून गावानं त्या कागदाला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला.

मोजणी माघातल्या एका शनिवारी होती. माणूस त्या दिवशी घरात हजर पाहिजे, त्याचा फोटो निघाला पाहिजे. जिल्ह्यात दुसरीकडे मोजलेला माणूस यंत्र लगेच पकडतं. पण यंत्राची नजर जिल्ह्याच्या हद्दीपर्यंतच, आणि तिवसडोहचं अर्धं गोत सरहद्दीपलीकडे, महाराष्ट्रात. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. वरूड, काटोल, नरखेड, कुठंही हाक मारा, मामा नाही तर मेहुणा ओ देतो. भैय्याजीनं फोन लावले. जामसांवळीच्या मारुतीला नवस बोललो होतो, शनिवारी घरी रोडगे करून राहिलो, सगळ्यांनी सकाळीच या.

शनिवारी पहाटेपासून गावावर गोवऱ्यांचा धूर. कणकेचे गोळे आरात भाजले जात होते, वांग्याची भाजी रटरटत होती. भैय्याजीला वाटत होतं ही युक्ती आपल्या एकट्याची. पण शेजारच्या गुलाबच्या अंगणातही रोडगे होते, त्याच्या पलीकडेही होते, आणि नऊ वाजेपर्यंत असं दिसलं की त्या एका गल्लीत एकतीस घरांचा नवस एकाच दिवशी फळाला आला होता. मारुतीलाही इतक्या कामाची आठवण नसावी.

मोजायला शाळेच्या तृप्ती मॅडम आल्या. हातात टॅब, डोक्यावर ओढणी. त्यांनी अंगणातल्या तेवीस जणांचे फोटो काढले. शेवटी प्रेमलताचा भाऊ सुरेश उभा राहिला, वरूडचा, किराणा दुकानवाला, अंगानं दीड माणूस.

"तुम्ही इथंच राहता?"

"तं काय," सुरेश म्हणाला.

"झोपता कुठं?"

"छतावर."

मॅडमनी वर पाहिलं. घराला कौलं होती. त्यांनी फोटो काढला, आणि त्यांना एक रोडगा, वर तूप, असा पानात मिळाला. हा रोडगा कोणत्या खात्यात धरायचा ते त्यांनी ठरवलं नाही. पण गल्लीतल्या उरलेल्या तीस घरांचे तीस रोडगे त्यांना नको म्हणावे लागले, हे मात्र खरं.

फक्त एका घरात रोडगे नव्हते. भैय्याजीच्या भिंतीला भिंत लागून पंचफुलाबाई गजभिये राहत. सौंसरला एका शाळेत चपराशी म्हणून अठ्ठावीस वर्षं घंटा वाजवून निवृत्त झालेल्या. नवरा गेलेला, मुलगा नागपूरला. अंगण मात्र गावात सर्वांत मोठं, मध्ये एक कडुनिंब. मॅडमनी विचारलं, घरात किती? त्या म्हणाल्या, मी. मॅडमनी पुन्हा विचारलं, मुलगा, सून, नातवंडं लिहू का? त्या म्हणाल्या, थे नागपूरले पानी पेतात, त्यायचं तिकडं लिवा.

पत्र्याच्या खोल्यांमध्येही मोजणी बरोबर झाली. तिथली तीनशे पंधरा माणसं प्रामाणिक होती असं नाही, पण त्यांची गणगोतं दूरच्या जिल्ह्यांत. शनिवारी सकाळी रोडगे खायला कोण येणार?

महिनाअखेरीला आकडा आला. तिवसडोहची लोकसंख्या पाच हजार तीनशे दहा. एका शनिवारात गाव दुपटीला आलं होतं आणि एकही पाळणा हलला नव्हता.

टाकी मात्र रोडगे खायला आली नव्हती. साडेआठ हजार गुंड पाच हजार तीनशे डोक्यांवर वाटले तर एका डोक्याला येतात दीड. एक मार्चपासून कार्डावर तेवढंच मिळू लागलं. भैय्याजीला एकोणसत्तरऐवजी साडेचौतीस. एकावन्नचा फायदा साडेसोळावर आला. तरी तो खूश होता, कारण साडेसोळा म्हणजे साडेसोळा. पलीकडे पंचफुलाबाईंच्या तीन गुंडांचा दीड झाला होता. दीड गेला कुठं, हे शोधायला लांब जावं लागत नव्हतं. भैय्याजीच्या साडेसोळाला दीडनं भागलं तर अकरा येतात. एक भैय्याजी पोसायला अकरा पंचफुला लागतात.

आणि मग दुसरा कागद आला. पाच हजारांवर गेलेलं गाव आता दाट वस्ती धरलं जाईल. पाणी कमी, माणसं जास्त, म्हणून शिस्त. नवीन खोली बांधायची नाही. बोअर मारायची नाही. तीन रात्रींपेक्षा जास्त राहणारा पाहुणा कोटवाराच्या, म्हणजे गावच्या चौकीदाराच्या, वहीत लिहायचा. सून गरोदर राहिली तर महिन्याच्या आत कळवायचं, म्हणजे पुढचं डोकं आधीच धरता येईल. वीसच्या वर माणसं असलेलं घर हे गर्दीचं घर, तिथं कोणताही कार्यक्रम नाही. बाकी घरांना कार्यक्रमाला दोनशे बाहेरचे पाहुणे आणि एक टँकर. आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घरोघर हजेरी.

कागद कोटवार गजेंद्रनं चौकात वाचून दाखवला. लोकांना तो खोटाच वाटला. गजेंद्र गावातल्या निम्म्या लोकांचा भाचा आणि उरलेल्यांचा पुतण्या, त्याच्या हातात वही शोभत नव्हती. पण त्याला शिटीही मिळाली होती, आणि शिटी मिळालेला माणूस नात्यात राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं गुलाबच्या सासूला फाटकात अडवून विचारलं, किती रात्री? म्हातारी म्हणाली, तुह्या बारशाले आलती तवा पंधरा रात्री होती, थे लिवून घे आधी. त्यानं लिहून घेतलं.

हजेरीच्या रविवारी भैय्याजीला सतरा माणसं पुन्हा बोलवावी लागली, नाहीतर कार्ड रद्द. ती आली. मार्चचं ऊन, प्रवासाची धूळ. सगळ्यांनी अंघोळी केल्या. सुरेशनं दोन केल्या, कारण एकीनं भागत नाही असं त्याचं शरीर. कागदावरच्या माणसांना तहान नसते, ही त्यांची एकमेव जमेची बाजू. भैय्याजीची कागदावरची माणसं दोन दिवस राहिली आणि महिन्याचा नफा पिऊन, अंगावर ओतून वरूडच्या बसनं गेली. जाताना सुरेशनं बहिणीला सांगितलं की रोडगे मागच्या खेपेला जास्त खमंग होते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भैय्याजी लग्नाची परवानगी काढायला सौंसरला गेला. खिडकीतल्या बाईनं कार्ड पाहिलं, तेवीस वाचलं आणि कार्ड परत सरकवलं. गर्दीचं घर. भैय्याजीनं खरं काय ते सांगून टाकलं. असं खरं माणूस फक्त अडल्यावर सांगतो. बाई समजूतदार होत्या. नावं कमी होतात, म्हणाल्या. एकेकाचा अर्ज, एकेकाची सही, आणि नव्वद दिवस.

आखजीला तेवीस दिवस राहिले होते.

पांढुर्ण्याची मंगल कार्यालयं भरलेली होती, आणि व्याह्याला ती चालतही नव्हती. भैय्याजीनं गल्लीत घरं विचारली. गुलाबचं सत्तावीस. पलीकडचं एकवीस. समोरचं चोवीस, त्या घरात खरा माणूस तर नवरा-बायको दोनच. सगळी गर्दीची घरं, आणि दुपारी गल्लीत कुत्रं नव्हतं. रात्री तो जेवला नाही. लग्न पुढं ढकललं तर व्याही पुढं थांबेल का, हे तो कोणालाच विचारत नव्हता, आणि घरात सगळ्यांना तेच ऐकू येत होतं.

दामिनी परवानगीचा अर्ज घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, वीसच्या आतलं घर गल्लीत एक हाये."

"कोनाचं?"

तिनं भिंतीकडे बोट केलं. कार्यक्रम कुणाचा हे अर्जात विचारलेलंच नाही, ती म्हणाली, घर कुणाचं एवढंच विचारलं.

भैय्याजीनं भिंतीकडे पाहिलं. तीस वर्षांचा शेजार. सणाला डबे इकडून तिकडे गेले होते, आजारपणात दोन्हीकडून धावाधाव झाली होती, पंचफुलाबाईंच्या ओट्यावर बसून त्यानं गावच्या राजकारणावर तास घालवले होते. पण पाणी तो घरून पिऊन निघायचा. का, हे कुणी कधी बोललं नव्हतं. दोन्ही घरांना ठाऊक होतं.

सकाळी तो गेला. पंचफुलाबाई एका गुंडात कपडे धूत होत्या. धुतलेलं पाणी बादलीत, बादलीचं पाणी कडुनिंबाला, असा त्यांचा दीड गुंडांचा संसार चालला होता. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि सवयीनं पाण्याचं विचारलं नाही. भैय्याजीनं इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. ऊन, संत्र्याचा भाव, गजेंद्रची शिटी. मग दामिनीचं लग्न, गर्दीचं घर, आणि अंगण.

त्यांनी कपडा पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

"दामिनी माह्या मांडीवर मोठी झाली भाऊ. अंगन तिचंच हाये. पन माही एक गोठ आयका."

"बोला ना बाई. टँकर माह्याकडं. मांडवाचा खर्च बी—"

"खर्च नोका सांगू. रविवारी सभा हाये. मी एकटी हाये हे मी सांगतलं न? तसे तुमी किती हा, थे तुमी सांगा. सगळ्यायपुढं."

अर्ज टाकणं वेगळं, सभेत बोलणं वेगळं. तो बोलला की गुलाब उघडा पडणार, समोरचा पडणार, गल्ली पडणार. "बाई, लोक मले दारात उभं करनार नाईत," तो म्हणाला.

"मंग मंडप कोनाच्या दारात टाकता?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "मले तुमचं पानी नोको, गिनती पायजे. दीड गुंडात मी जगून राहिली. खोल्यायतल्या त्या बाया लेकरायले पुसून काढून राहिल्या, न्हाऊ घालत नाईत. त्यायनं कोनते रोडगे खाल्ले?"

भैय्याजीनं पाणी मागितलं. त्यांनी आत जाऊन पेला आणला. त्यानं तो उभ्यानंच, एका दमात संपवला. पेला परत करताना त्याच्या लक्षात आलं की आपण यांच्या दीड गुंडातलं पाणी प्यालो, आणि तो लाजला. तीस वर्षांत या घरात लाजायची ही पहिली वेळ. चुकीच्या कारणासाठी मात्र नव्हती.

पाच एप्रिलच्या रविवारी सभा भरली. तृप्ती मॅडम यादी घेऊन बसल्या होत्या, गजेंद्र शिटी घेऊन. विषय होता पाण्याचा, म्हणजे सगळे दीड गुंडाला शिव्या देत होते. भैय्याजी उठला. त्यानं टोपी नीट केली, मग पुन्हा बिघडवली.

"माह्या घरात सहा," तो म्हणाला.

मॅडमनी यादी पाहिली. "इथं तेवीस आहेत."

"सतरा वरूड-काटोलचे. रोडग्याले आलते."

जो तो मनात आपापले रोडगे मोजू लागला. गुलाब लाल झाला होता, आणि आता भांडण पेटणार असं सगळ्यांना वाटलं. पण गुलाबच्या परसात पत्र्याच्या अकरा खोल्या होत्या, आणि पाण्याला कंटाळून त्यातल्या चार खोल्यांनी खाली करतो म्हणून सांगितलं होतं. नव्या खोल्या तर बांधता येतच नव्हत्या. त्यानं मनात दोन्ही बाजू मांडल्या आणि उठला.

"माह्या सत्तावीसातले एकोनीस काढा," तो म्हणाला. "अन् भैय्याजीले सांगा, पुन्हा नवस बोलला तं आधी मले इचारत जा."

हशा पिकला आणि मग धरण फुटलं. समोरच्यानं बावीस काढले. कुणी नऊ, कुणी चौदा. लिलाव उलटा चालला होता; जो तो बोली उतरवत होता, आणि ज्यानं जास्त उतरवली त्याला टाळ्या. एका म्हाताऱ्यानं जोशात बायकोही कमी केली, ती बायांमधून उठून उभी राहिली, तेव्हा पुन्हा लिहून घेतली. मॅडमचं पेन थांबलं तेव्हा आकडा आला दोन हजार आठशे एक्केचाळीस. हा एक कोण म्हणून शोध झाला. गजेंद्रनं वही काढली: पत्र्याच्या खोल्यांमध्ये मार्चात एक मुलगी झाली होती, आईबापानं नियमाप्रमाणे वेळेत कळवली होती. साऱ्या वहीत तेवढी एक नोंद पहिल्यापासून खरी होती.

कागदावरून नावं निघायला नव्वद दिवस लागणारच होते. तोवर सरकारच्या लेखी गाव दाटच राहणार होतं, शिटी, हजेरी, पाहुण्यांची वही, सगळ्यासकट. पण नळावर पाणी वाटायचा गजेंद्रच, आणि सभेनं त्याला सांगितलं: कार्ड पाहू नको, तोंड पाहा. पुढच्याच पाळीपासून डोक्याला तीन गुंड सुरू झाले.

लग्नपत्रिकेवर स्थळ छापलं: पंचफुलाबाई गजभिये यांचे अंगण, तिवसडोह. व्याह्यानं पत्ता वाचला, आडनाव वाचलं, आणि टँकर किती लिटरचा ते विचारलं. अभिजीतनं त्याच्या आधीच होकार कळवला होता, पण बापाला विचारायची रीत त्यानं मोडली नाही.

आखजीला कडुनिंबाखाली मांडव पडला. फाटकावर गजेंद्र वही घेऊन बसला आणि बाहेरचे पाहुणे मोजू लागला. दोनशे भरले तेव्हा वरूडची गाडी आली. सुरेश उतरला, नवा सदरा, मागे सोळा जणं.

"दोनशे झाले मामा," गजेंद्र म्हणाला.

"आता मी कोठी जाऊ?"

गजेंद्रनं वही उलटली. नव्वद दिवस व्हायचे होते. "तुमी पाहुने कोठचे? तुमी भैय्याजीच्या घरचे. छतावर झोपता." त्यानं फाटक उघडलं. "घरचे हा तं मंग वाढाले लागा."

आणि सतरा जणं वाढायला लागले. सुरेशनं टँकरपासून मांडवापर्यंत भर उन्हात पाण्याचे पिंप वाहिले आणि संध्याकाळपर्यंत दीड माणसाचा सव्वा झाला. सगळे जेवून उठल्यावर ते सतरा बसले, आणि त्यांच्यापर्यंत येईस्तोवर रसगुल्ले संपले होते. दामिनी निघताना पंचफुलाबाईंच्या गळ्यात पडून रडली, मग आईच्या. क्रम कुणी मनावर घेतला नाही.

आता जमाखर्च. भैय्याजीनं दोन वेळा सतरा माणसं जेवू घातली, एकदा लाज गिळली, आणि लग्न वेळेवर पार पडलं. म्हणजे तो नफ्यातच. गुलाबच्या चारही खोल्या थांबल्या. सुरेशचे रसगुल्ले गेले, त्याचं अजून वरूडला बोलणं होतं. गजेंद्रकडून शिटी जुलैत परत घेतली, पण शिटीपुढं नातं विसरायची सवय थोडी राहिली. वरच्या ऑफिसात तिवसडोहची फाइल मात्र अजून दाट वस्तीच्या कपाटात आहे. माणसं कमी करणं सोपं, कपाट बदलणं अवघड.

लग्नानंतर भैय्याजीनं पंचफुलाबाईंचं गेलेलं पाणी मोजलं. एक मार्चपासून सभेपर्यंत अठरा पाळ्या, दर पाळीला दीड: सत्तावीस गुंड. ते त्यानं स्वतः वाहून त्यांच्या रांजणात भरले, रोज एक, आणि रोज तिथंच पाणी प्याला.

पत्र्याच्या खोल्यांचं कुणी मोजलं नाही. तीनशे पंधरा माणसं, प्रत्येकी सत्तावीस गुंड. आठ हजार पाचशे पाच. म्हणजे एक अख्खी टाकी, वर पाच गुंड.

ती त्यांनी आपल्या वाटणीतून भरली.